एका कॅसेटची दुरुस्ती

आमच्या घरात १९९१ सालच्या दिवाळीत भरलेली एक कॅसेट आहे. साठ मिनिटांची, म्हणजे तीस-तीस मिनिटांच्या दोन बाजूंची. एका बाजूवर वडिलांच्या अक्षरात 'भजन' आणि दुसरीवर 'ओव्या' एवढेच लिहिलेले आहे. तारीख नाही, गावाचे नाव नाही, गाणाऱ्यांची नावे नाहीत. ती लिहून ठेवण्याची गरज त्यांना वाटली नसावी. गाव किल्लारीच्या अंगाला, आमच्या औसा तालुक्यातलेच. तिथे माझी आत्या दिलेली होती. भाऊबिजेला वडील तिच्याकडे गेले ते नवा टू-इन-वन खांद्याला लटकावून. रात्री तिच्या ओसरीवर गावचे भजन बसले, ते त्यांनी भरून घेतले. पहाटे आत्या जात्यावर बसली, तेव्हा कॅसेट उलटून तिच्या ओव्या भरल्या. गावात गिरणी येऊन पुष्कळ वर्षे झाली होती, तरी सणाचे थोडे दळण ती हाताने काढीत असे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. आत्या त्यात गेली. घर गेले, जाते गेले, भजनी मंडळाची पेटीही गेली. कॅसेट राहिली, कारण ती औशाला आमच्या कपाटात होती.

वडील असेपर्यंत ती कोणी लावली नाही. २०१५ साली ते गेले आणि पुढच्या एप्रिलमध्ये, परीक्षेच्या पर्यवेक्षणातून सुटका झाल्यावर, ती संगणकावर उतरवून घेण्याचे मी मनावर घेतले. मी मराठी शिकवतो. लोकसाहित्याच्या तासाला ओवीवर बोलतो, आणि मुलांनी ओवी वाचलेली असते पण ऐकलेली नसते अशी तक्रारही दरवर्षी करतो. ओवी ऐकवण्याचे साधन मात्र माझ्याच कपाटात पंचवीस वर्षे पडून होते. त्या कामात जे सापडले ते साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे वाटल्यामुळे हे लिहितो आहे. तारा, सेल आणि बटणे यांचे वर्णन त्यात येणार. त्याला इलाज नाही.

वडिलांचा टू-इन-वन लातूरच्या एका जुन्या कारागिराने चालू करून दिला. रबरी पट्टा बदलला, हेड स्पिरिटच्या कापसाने पुसले, आणि हेडशेजारचा एक बारीक स्क्रू किंचित किंचित फिरवून टाळेचा आवाज सर्वांत स्वच्छ कुठे येतो ते कानाने ठरवले. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा कल आणि ज्यावर वाजते त्याच्या हेडचा कल जुळला नाही, तर वरचे बारीक आवाज विरून जातात. यंत्र तेच असले तरी हेड जागचे सरकलेले असते. ते काम त्यांनी पाच मिनिटांत केले. मला आठवडा लागला असता.

पुढची चूक माझी स्वतःची. संगणकाच्या मागे तीन भोके असतात : गुलाबी, निळे आणि हिरवे. गुलाबी मायक्रोफोनसाठी, निळे बाहेरच्या यंत्राच्या दणकट आवाजासाठी, हिरवे आवाज बाहेर काढण्यासाठी. मी वायर गुलाबीत खुपसली. मायक्रोफोनचा आवाज फार क्षीण असतो म्हणून ते भोक येईल तो आवाज अनेक पटींनी वाढवते. त्यात टू-इन-वनचा हेडफोनचा आवाज सोडल्यावर सगळे भजन फाटक्या पत्र्यावर पाऊस पडावा तसे तडतडू लागले. असे फाटलेले मुद्रण मागाहून कशानेही सांधत नाही. वायर निळ्या भोकात घातली आणि तो प्रश्न मिटला.

मग ऐकू आली ती गुणगुण.

भजनाच्या खाली, टाळांच्या खाली, दोन भजनांमधल्या खोकल्यांच्या आणि 'चला, चला'च्या खालीही एक सलग, न थकणारा सूर चालू होता. विजेची गुणगुण ती. आपल्याकडचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो, आणि यंत्रांच्या जोडणीत कुठे फट राहिली की तीच आवर्तने सुराच्या रूपाने ध्वनीत शिरतात. मला पेटी थोडीफार वाजवता येते. घरची पेटी काढून पाहिले, तर हा सूर पांढरी पाचच्या अगदी किंचित वर, खर्जाच्याही खाली आणि मग त्याच्या पटीपटीने वर, असा लागत होता. भजन काळी एकमध्ये चालले होते. म्हणजे विठ्ठलाच्या भजनाला अखंड तीव्र मध्यमाचा, तोही जरा चढा, असा षड्ज सोडून भलताच तंबोरा लागलेला. (अमेरिकेत प्रवाहाची आवर्तने साठ असतात. आपली गुणगुण षड्ज मानली, तर तिकडच्या घरांची गुणगुण बरोबर कोमल गंधारावर पडते. हे गणित करून पाहिले त्या संध्याकाळी मला उगीचच बरे वाटले होते.)

गुणगुणीचा माग काढण्याची रीत सोपी आणि कंटाळवाणी आहे. एकेक गोष्ट काढून पाहायची. पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, वायर बदलली. फरक पडला नाही. टू-इन-वनचा ॲडॉप्टर काढून त्यात सेल घातले तेव्हा गुणगुण निम्म्याने कमी झाली, संपली मात्र नाही. शेवटी संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला सहज हात टेकला, तर हाताला मुंग्या आल्या आणि त्याच क्षणी स्पीकरमधली गुणगुण दबली. हात काढला, पुन्हा वाढली. संगणकातली जी वीज तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवी होती, ती वाट न मिळाल्याने माझ्या हातातून जात होती.

गल्लीतल्या वायरमनला बोलावले. त्याने बल्बच्या दोन वायरी बोर्डात घालून पाहिल्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख लागला. फेज आणि अर्थिंगमध्ये नुसती तार लालसर झाली.

"सर, अर्थिंग मेलीय तुमची. खड्डा वाळून कडंग झालाय. दोन बादल्या पानी वता, रातभर मुरू द्या."

अर्थिंगचा खड्डा म्हणजे अंगणात पुरलेली धातूची पट्टी किंवा पाइप, भोवती मीठ आणि कोळसा. कोरडी माती वीज वाहून नेत नाही. मीठ विरघळायला ओल लागते. म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचे असते, हे घर बांधताना गवंड्याने सांगितलेही होते. पण हा उन्हाळा २०१६ चा होता. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली : दहा वाघिणी, पाच लाख लिटरांच्या आसपास पाणी, तीनशेहून अधिक किलोमीटरांवरून आणलेले. पुढे त्या गाडीला 'जलदूत' नाव पडले. आमच्याकडे औशात टँकर आला की गल्लीतली सगळी माणसे घागरी, हंडे, पिंपे घेऊन उभी राहत आणि कोणाचे किती भरले याचा हिशेब बोलून नव्हे, डोळ्यांनी ठेवला जाई.

अशा दिवसांत मी दोन बादल्या पाणी जमिनीत ओतायला निघालो होतो.

"अहो, कढीपत्त्याला घालायला पाणी नाही, आणि तुम्ही मीठ-कोळशाला पाजताय?" बायको म्हणाली. तिचे चुकत नव्हते. मी तिला समजावण्याचा प्रयत्न केला, शॉक बसण्याची भीती घातली (ती खरी होती, पण माझे खरे कारण ती नव्हती, हे तिला कळत होते), आणि शेवटी गप्प बसलो. दोन दिवस काम थांबले. तिसऱ्या दिवशी तिनेच भांडी विसळलेले पाणी एका बादलीत धरून ठेवले आणि खड्ड्यापाशी नेऊन ओतले. त्यातले निम्मे एरवी कढीपत्त्याचे असे. सकाळी गुणगुण पुष्कळ उतरली होती. टू-इन-वन सेलवर लावल्यावर ती कान देऊनही ऐकू येईना. कढीपत्ता मात्र मे महिन्यात गेला. एका बादलीने गेला असे नाही. तरी पुढे त्या रिकाम्या कुंडीजवळून जाताना माझे पाऊल अडखळे.

गुणगुणीसकट घेतलेली पहिली फाइल मी पुसून टाकणार होतो. पुसली नाही हे नशीब. तिचे काम पुढे आहे.

स्वच्छ मुद्रण हाती आल्यावर मी भजनाची बाजू पहिल्यापासून ऐकली. ऐकता ऐकता पेटीवर बोटे ठेवली, तर दहाव्या मिनिटाच्या आसपास माझी पेटी आणि कॅसेटमधली पेटी यांचे जुळेना. विसाव्या मिनिटाला तर भजनाचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या अधेमध्ये लागत होता. गाणारा चढेल, सगळी बारी मिळून चढेल. पेटी चढत नाही. दोन पट्ट्यांच्या मधला सूर पेटीत नसतोच. तेव्हा दोष गाण्यात नव्हता, फितीत होता किंवा संगणकात.

संगणकाकडे संशय जाण्याला कारण होते. ध्वनी साठवताना संगणक सेकंदाला ठरावीक इतके नमुने घेतो, कधी ४४,१०० तर कधी ४८,०००. एका दराने घेतलेले दुसऱ्या दराचे समजून वाजवले, तर सूर सुमारे दीड पट्टी सरकतो आणि दहा मिनिटांचे भजन पावणेअकरा मिनिटांच्याही पुढे जाते. पण तो दोष असता, तर सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच सरकला असता. इथे तो हळूहळू चढत होता. दुसरा संशय मी आत्ता घातलेल्या सेलवर : ते उतरत चालले असतील. पण वाजवणारे यंत्र मंदावले तर सूर खाली येतो. वर जाणार नाही.

उत्तर पहिल्या, टाकून द्यायच्या फाइलीत होते. ती पुन्हा लावली. सुरुवातीला भजनाच्या षड्जापासून मोजल्यावर गुणगुण तीव्र मध्यमाच्या वर लागत होती; बाजू संपता संपता तीच गुणगुण शुद्ध मध्यमाशी येऊन टेकली होती. गुणगुण तर बदलणारी नव्हे. ती २०१६ सालच्या माझ्या भिंतीतून आलेली, साऱ्या देशाच्या वीजजाळ्याने पन्नासाला बांधून ठेवलेली. म्हणजे सरकत होती ती १९९१ सालची पेटी. आणि त्या रात्री काय झाले असावे हे लख्ख दिसले. गावात वीज नव्हती, किंवा होती नव्हती सारखीच. वडिलांनी सेलवर भरले. सेल उतरत गेले तशी फीत संथ फिरू लागली. संथ फितीवर जे कोरले गेले, ते आता नेमक्या वेगाने वाजवल्यावर जलद आणि चढे होऊन बाहेर पडत होते. तीस मिनिटांत वेग शेकडा सातच्या आसपास उतरला होता. फाइलीचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे केले, गुणगुणीला मोजपट्टी मानून प्रत्येकाचा वेग वेगळा कमी केला, आणि भजन काळी एकवर परत आणून बसवले. ज्या आवाजाला घालवण्यासाठी मी एक बादली पाणी जमिनीत मुरवले होते, त्याच्याच साक्षीने हे झाले.

भजनाची बाजू इथे सुटली. औशाचे नाव महाराष्ट्राच्या भजनी जगात आहे ते नाथ संस्थानाच्या चक्री भजनामुळे. गोल फिरत म्हणायच्या त्या भजनाला एकच मायक्रोफोन लावून कसे भरावे हा एक स्वतंत्र प्रश्न आहे, कारण गाणारा क्षणात जवळ येतो आणि क्षणात पाठमोरा होतो. आमच्या कॅसेटवरचे भजन मात्र साधे, बसून म्हटलेले. त्याबद्दल यापेक्षा अधिक लिहिण्याजोगे नाही.

ओव्यांच्या बाजूवर पेटी नव्हती, कुठलाच नेमका सूर नव्हता. आत्याची मोठी मुलगी, आमची अक्का, भूकंपाच्या वेळी सासरी होती म्हणून वाचली. तिला बोलावून घेतले. कॅसेटमधला आवाज तिने तेवीस वर्षांनी ऐकला. मला वाटले होते ती रडेल. तिने दोन-तीन ओव्या ऐकल्या आणि मान हलवली.

"ही माय वाटत न्हाई रं. सुरवातीला हाय, मग कुनीतरी पोरगीच म्हनतीया. मायचा आवाज भरला होता."

तिचे म्हणणे खरेच होते. रात्रभर विसावा मिळाल्यावर उतरलेल्या सेलमध्ये थोडी धुगधुगी परत येते. म्हणून पहाटेच्या पहिल्या ओव्या जवळजवळ नेमक्या वेगाने भरल्या गेल्या होत्या. मग सेल पुन्हा उतरले, आणि आता वाजवताना आत्या ओवीगणिक तरुण होत चालली होती. शेवटच्या ओव्यांत तर ती लग्नाआधीची असावी. तीस मिनिटांत चाळिशीतली बाई पंधरा वर्षांची होते, असे ते ध्वनिमुद्रण होते. खोटे सांगत नाही, त्यात हात घालावा की नाही असे मला क्षणभर वाटले.

पण मोजपट्टी कुठून आणायची? अक्काने ती दिली. ती जमिनीवर पाय पसरून बसली आणि खुंटा धरल्यासारखा हात फिरवू लागली. "आमचं जातं एवढं पळत नव्हतं. जड होतं. असं." तिच्या हाताच्या फेऱ्या मी घड्याळ लावून मोजल्या, पहिल्या तीन ओव्यांतल्या जात्याच्या घरघरीशी ताडून पाहिल्या. जुळल्या. पुढचा प्रत्येक तुकडा मग तिच्या हाताच्या वेगाला आणून ठेवला. सांगीतिक दृष्टीने ही पद्धत कच्ची आहे हे मान्य. पण माझ्याजवळ दुसरी नव्हती, आणि असती तरी मी अक्काच्या हातावरच भरवसा ठेवला असता.

आता फितीची सरसर काढायची राहिली होती. मी वापरत होतो ते ऑडॅसिटी नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर. त्यात गोंगाट काढण्याची सोय आहे. जिथे गाणे नाही, नुसता गोंगाट आहे, असा दोन-चार सेकंदांचा तुकडा निवडून यंत्राला दाखवायचा : हा नको असलेला आवाज. मग यंत्र साऱ्या मुद्रणातून त्या जातीचा आवाज वेचून काढते. भजनावर मी ते केले तेव्हा टाळांच्या पाठीमागे रेंगाळणारी किणकिण नाहीशी झाली होती, कारण ती आणि फितीची सरसर यंत्राला सारखीच वाटते. तिथे मी हात आवरता घेतला. ओव्यांच्या बाजूवर मात्र आत्या म्हणायला लागण्यापूर्वीचे चार सेकंद मी निवडले आणि बटण दाबले. निकाल थक्क करणारा होता. इतका स्वच्छ आवाज मी कधी ऐकला नव्हता. शब्दन्‌शब्द सुटा झाला. वर्गात ऐकवायला याहून चांगले काय असणार?

अक्का म्हणाली, "जातं कुठं गेलं?"

निवडलेल्या चार सेकंदांत आत्या गात नव्हती, पण दळत होती. मी यंत्राला जाते दाखवून सांगितले होते, हा नको असलेला आवाज. त्याने सांगितल्याप्रमाणे केले. आता आत्या हवेत बसून ओव्या म्हणत होती. ओवीच्या चौथ्या चरणापाशी तिचा श्वास तुटत होता, मधेच एक अक्षर ताणले जात होते, एक शब्द दोनदा येत होता. आणि हे सारे का होते आहे ते सांगणारा आवाज काढून टाकल्यामुळे ते गायकीतले दोष वाटत होते.

मला माझ्या वर्गाची आठवण झाली. दरवर्षी मी मुलांना गावोगाव पाठवून ओव्या गोळा करायला सांगतो. त्यांच्या वह्यांत 'गं बाई', 'माज्या सखे', अर्धी ओळ पुन्हा, पुन्हा अर्धी ओळ, असे पुष्कळ असते. मी लाल शाईने ते काढून टाकतो. चार चरण नीट बसले पाहिजेत, छंद दिसला पाहिजे. माझ्या मनातली ओवी छापील आहे. ती साने गुरुजींच्या 'स्त्री जीवन'मधून आली आहे, तिथे ती विषयवार लावलेली, धुतलेली, वाळवलेली मिळते. गुरुजींविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी जमवल्या नसत्या तर त्या ओव्या गेल्याच असत्या, आणि कागदावर जाते उतरवता येत नाही. पण ज्यांच्याजवळ उतरवण्याचे साधन आहे त्यांना ती सबब नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या आणि त्यांतल्या हजारो प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळू लागल्या. ते काम उभे राहत असतानाच्या वर्षांत मी वह्यांवर लाल शाई चालवीत होतो. चूक दाखवून द्यायला अक्का लागली, जिला अक्षरे जुळवून वाचता येतात तेवढीच.

बटण उलटे दाबून जाते परत आणले. त्याच्याबरोबर फितीची सरसरही परत आली. दोन्ही ठेवली.

अक्का आठ दिवस राहिली. तिच्या स्वतःच्या ओव्या भरून घ्याव्यात म्हणून तिला आमच्या बैठकीच्या खोलीत बसवले, तर तिचा आवाज फरशीवरून, स्लॅबवरून, चारी भिंतींवरून परत येऊन स्वतःवरच आदळू लागला. खिडक्यांना वाकळी टांगल्या, दारामागे गादी उभी केली, तेव्हा थोडे भागले. कॅसेटवरच्या आत्याच्या आवाजाला असा घुमारा अजिबात नाही. तो अगदी कानाशी आहे, कोरडा, जवळचा. पैसे मोजून बांधलेल्या स्टुडिओत जे साधतात, ते एका स्वस्त टू-इन-वनच्या अंगच्या मायक्रोफोनला कसे साधले हे मला बरेच दिवस कळले नव्हते. वाकळी टांगताना कळले. ते माळवदाचे घर होते. हातभराहून जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर मातीचे थर दिलेले छत, सारवलेली भुई, कोपऱ्यात ज्वारीची पोती. आवाज परत पाठवील असा कठीण पृष्ठभाग त्या खोलीत नव्हता. माती तो पिऊन टाकीत होती.

त्या भिंतींनी आणि त्या छतानेच पहाटेच्या झोपेत माणसे गाडली. गोल दगड नुसत्या मातीत रचलेले, वर कित्येक टनांचे माळवद. त्या पहाटे जवळजवळ दहा हजार माणसे गेली ती बहुतांशी अशा घरांखाली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, आणि तिथली घरे तशी बांधली गेली नाहीत हे योग्यच झाले. अक्काचे माहेर आता तशाच एका वसाहतीत आहे. तिथे तिचा भाऊ राहतो. "नव्या घरात कुनी बोललं की घर बी बोलतंय," ती म्हणाली, आणि वाकळीची घडी घालू लागली. त्या बाजूवरच्या कोरडेपणाला हात लावण्याचा प्रश्न नव्हता. पण तो ऐकताना, आवाज इतका चांगला का आला आहे हे आता मला ठाऊक असते.

जायच्या आदल्या दिवशी अक्काने मोबाइलवर तयार फाइल भरून मागितली. देण्यापूर्वी तिला पुन्हा एकदा सगळे ऐकवले. मधे एका ठिकाणी तिने हात वर केला.

"इथं काय केलंस?"

काही केले नव्हते, असे मी म्हणालो. मग आठवले. दर काही ओव्यांनंतर जात्याचा आवाज हळूहळू खणखणीत, कोरडा होत जाई आणि एकदम दबून जड होई. मी ते फितीचे दोष समजलो होतो. जुन्या फितीवरचा थर झिजला की असे खळगे पडतात. म्हणून एक सोय वापरून सारी घरघर एका उंचीला आणून ठेवली होती. एवढे मी अक्काला सांगितले.

"दोष न्हाई रं. दानं संपत आलं की दगडाला दगड लागतोय. मग मूठ घातली की गप होतंय. माय मूठ घालत होती तिथं."

रात्री बसून ती सोय काढली. घरघर पुन्हा वरखाली होऊ लागली. शेवटची मूठ अठ्ठाविसाव्या मिनिटाच्या सुमारास पडते. त्यानंतर दगड कोरडा होत जातो, आत्या भावाचे नाव घेऊन एक ओवी म्हणते, मागे वडील कोणाला तरी हळू आवाजात विचारतात, सेल आहेत का अजून, आणि फीत संपते.